आधी तोंडाने, मग हाताने

प्रिय,

तुझं पत्र वाचलं आणि रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. रोज दोन तास ड्रम वाजवूनही गाण्यात रंग भरत नाही, असं तू लिहिलं आहेस. हात तयार आहेत, पण ते कुठे निघालेत याचा हिशोब कोणी ठेवत नाहीये. तबला शिकणाऱ्याकडून आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, करून घेतात, ते उगीच नाही. जे तोंडाने लयीत म्हणता येत नाही, ते काठीतून लयीत निघत नाही. म्हणून यापुढे वाजवण्याआधी प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणायची. ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवर बोटं ठेवून, मनातल्या मनात म्हटलीस तरी चालेल.

रोज पन्नास मिनिटं पुरेत. पहिली पंधरा सरावाच्या पॅडवर, पॅराडिडलला, म्हणजे हातांच्या या क्रमाला, दे: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. मेट्रोनोम, म्हणजे लयीचं टिकटिक यंत्र, मिनिटाला 60 टिकींवर, दर टिकीला चार आघात. पहिल्यावर जोर. त्यासाठी काठी वीतभर उंचीवरून येऊ दे, बाकीचे तीन आघात दोन बोटं उंचीवरून. बिघडतं ते इथेच. जोराचा आघात झाला की काठी उसळून पुन्हा वीतभर वर जाते आणि त्याच हाताचा पुढचा हलका आघातही जोरात पडतो. म्हणून पहिला उजवा वाजला की काठी खालीच थांबव. दुसरा, म्हणजे डावा, हलका वाजतानाच मनगटाने वर उचल, कारण पुढचा जोर त्याच हाताचा आहे. तिसरा आणि चौथा खालच्या खाली. जोडीतला दुसरा आघात मेल्यासारखा येत असेल, तर काठी मुठीत आवळली गेली आहे. अंगठा आणि तर्जनीत ती धरून बाकीची बोटं सैल सोड, उसळी आपोआप मिळते. पाच मिनिटं सलग स्वच्छ निघाल्याशिवाय वेग वाढवायचा नाही, आणि वाढवायचा तो 4 नेच.

पुढची वीस मिनिटं एकच ठेका. तुला मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे, म्हणून केरवाच घेऊ: धा गे ना ति, न क धि ना. हाय-हॅट, म्हणजे पेडलवरची झांजांची जोडी, आठही मात्रांवर. बायाचे, म्हणजे डग्ग्याचे, घुमणारे बोल धा, गे आणि धि किकवर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर: पहिली, दुसरी आणि सातवी मात्रा. तिसऱ्या आणि आठव्या मात्रेचा ना स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमच्या, कडेवर रिम क्लिकने, म्हणजे काठी आडवी ठेवून टिचकी दिल्यासारखा. मधले ति, न, क स्नेअरवर इतके हलके की समोर बसलेल्याला ते ऐकू येण्यापेक्षा जाणवावेत. बोल म्हणत म्हणत वाजव. जिथे जीभ अडेल तिथेच पाय चुकत असतो, हे दोन दिवसांत तुझ्या लक्षात येईल.

तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये हाय-हॅट सगळ्यांच्या डोक्यावर बसली आहे. तू काठीच्या जाड भागाने झांजेच्या कडेवर मारतो आहेस असं वाटतं. टोकाने, वरच्या पृष्ठभागावर वाजव. किक आणि स्नेअर पुढे, हाय-हॅट मागे, हे प्रमाण तुझ्या हातातच बसायला हवं. मिक्सरवाला ते पूर्ण सुधारून देऊ शकत नाही, कारण स्नेअरच्या माइकमध्येही हॅट शिरलेली असते.

फिल, म्हणजे ठेक्याच्या शेवटी भरलेला तुकडा, घाईत जातं, हा जवळजवळ सगळ्यांचा दोष. टॉमवर, म्हणजे बाकीच्या ड्रमवर, फिरताना हात पळतात आणि समेवरचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरचा, क्रॅश झांजेचा आघात आधीच येतो. तीन आवर्तनं ठेका, चौथ्यात फिल, आणि फिलमध्येही मात्रा मोठ्याने मोजत राहा. मग मेट्रोनोम असा लाव की एक आवर्तन वाजेल आणि एक गप्प राहील. परत आलेली टिकी तुझ्या समेच्या आधी पडली तर तू रेंगाळलास, नंतर पडली तर पळालास.

उरलेली पंधरा मिनिटं एका गाण्यासोबत. शब्द चालू असताना फिल नाही, गायक श्वास घेईल तिथेच जागा.

शेजाऱ्यांबद्दल विचारलं आहेस. इलेक्ट्रॉनिक किटच्या जाळीच्या पॅडचा आवाज फारसा होत नाही, पण किक पेडलचा ठोका स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. नुसत्या गालिच्याने तो थांबत नाही. प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिस बॉल बसवून चौथरा कर आणि अख्खं किट त्यावर ठेव. रात्री दहानंतर फक्त सरावाचा पॅड, तोही घडी घातलेल्या सतरंजीवर. खरं किट आठवड्यातून एकदा तासावर मिळणाऱ्या जॅम रूममध्ये वाजव. कानात इअरप्लग घालूनच, कारण बंद खोलीत झांजांनी कानाला झालेली इजा भरून येत नाही.

पुढच्या पत्रासोबत तीन मिनिटांचा केरवा पाठव, मेट्रोनोम 140 वर, दर मात्रेला एक टिकी, एकही फिल नको. फोन किटपासून सहा-सात फूट लांब ठेव, जवळ ठेवलास तर आवाज फाटतो. शेवटचं अर्धं मिनिट बोल मोठ्याने म्हण. मला ते ऐकायचं आहे.

सस्नेह