तार झणझणते, दोष कुणाचा?

प्रश्न: बोटं दुखतात म्हणून अकूस्टिक गिटारच्या 12 च्या जाडीच्या तारा काढून 10 च्या, म्हणजे बारीक, लावल्या. तेव्हापासून जाड तार पहिल्या तीन-चार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) झणझणते, पुढच्या फ्रेटवर मात्र स्वच्छ वाजते. दुकानदार म्हणतो, फ्रेट बदला.

उत्तर: थांबा, फ्रेट बदलायची घाई नको! चोर तुम्हीच घरात आणलाय. बारीक तारांचा ताण कमी, त्यामुळे त्या ताणाविरुद्ध ओढणाऱ्या आतल्या सळईने मान (गिटारचा दांडा) सरळ केली किंवा उलटी वाकवली असणार. सुरात लावून जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा, सातव्याजवळ बघा. तिथे साधारण पाव मिलिमीटर फट हवी. तार फ्रेटला टेकलीच असेल, तर सळईचा नट डावीकडे पाव फेरा सैल करा, पुन्हा सुरात लावा, मग बघा. नट अडला तर जोर लावू नका; माझ्या हातून एक सळई अशीच मोडलीय.

फट बरोबर असूनही झणझण राहिली तर फ्रेट तपासू. नुसती मोकळी तार झणझणली असती, तर मी आधी मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची खाच पाहिली असती.

तंबोऱ्यात हीच झणझण आणायला आम्ही जवारीवर (तारांखालच्या घोडीवर) दोरा सरकवत बसतो, ते वेगळं.