एच-इंडेक्स ४१ की १४? गाईड निवडताना मी काय बघेन

तुमचा प्रश्न असा की पीएचडीसाठी दोन गाईड समोर आहेत, दोघंही कॅन्सर फार्माकॉलॉजीतले, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांचा अभ्यास करणारे. सरांचे २१० पेपर, एच-इंडेक्स ४१. मॅडमचे २६ पेपर, एच-इंडेक्स १४. घरचे, मित्र, सगळे सरांकडे जा म्हणतायत. या क्षेत्रात अठरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एच-इंडेक्स ४१ म्हणजे किमान ४१ पेपर असे, की प्रत्येकाला निदान ४१ सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप सुचवलं. नाव किती वेळा घेतलं गेलं ते यातून कळतं. कशासाठी घेतलं, ते पेपर उघडल्याशिवाय कळत नाही.

मला अशा वेळी येल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ आठवतात. त्यांचा प्रचंड सायटेशन मिळालेला पेपर १९२५ चा, फिस्के यांच्यासोबतचा: रंगावरून फॉस्फरस मोजण्याची पद्धत. हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही, १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक आम्लाला रोखणारी औषधं बनवली, अमिनोप्टेरिन आणि पुढे मेथोट्रेक्सेट. जून १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचा पेपर छापला. १० मुलांना काही काळ उतार पडला होता. त्या पेपरवर पाच लेखक आहेत, सुब्बाराव त्यात नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये ते गेले. आज ल्युकेमियाच्या मुलांना मेथोट्रेक्सेट देतात, आणि आपल्याकडच्या संधिवाताच्या कितीतरी आज्या आठवड्यातून एकदा त्याचीच गोळी घेतात. नुसती सायटेशनची यादी पाहिली तर हा माणूस फॉस्फरस मोजणारा म्हणूनच दिसेल.

उलटंही घडतं. ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाने २००६ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये लिहिलं की गाठीतल्या जनुकांवरून कोणती केमो लागू पडेल हे सांगता येतं. सायटेशन भराभर आली, त्यावर आधारलेल्या चाचण्यांत रुग्णही घेतले गेले. एमडी अँडरसन या अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्राच्या बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी मूळ आकडे तपासले, तर तक्त्यात जनुकांची नावं एका ओळीने सरकलेली, काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे नमुने उलटे लावलेले. २०११ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. ओळ सरकलेल्या तक्त्यावरून माणसांची केमो ठरत होती, याचा मला आजही त्रास होतो.

तेव्हा एक संध्याकाळ काढा. दोघांचेही सर्वांत जास्त सायटेशनवाले पाच-पाच पेपर घ्या. त्यात रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा) किती आणि स्वतः केलेलं काम किती? रिव्ह्यूला सायटेशन सहसा जास्त मिळतात, आणि हळदीतल्या कर्क्युमिनसारख्या विषयात तर रिव्ह्यूंचा ढीग आहे. गाईडचं नाव शेवटी आहे की मध्ये कुठेतरी? आपल्या विषयात लॅबचा प्रमुख बहुधा शेवटी असतो.

मग गूगल स्कॉलरवर ज्यांनी त्यांना साईट केलंय असे दहा पेपर उघडा आणि तो संदर्भ कुठे आलाय ते शोधा. प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात आठ संदर्भांच्या जुडीत असेल, तर फारसं वजन देऊ नका. पद्धतीच्या भागात 'यांच्याप्रमाणे केलं' असं असेल, किंवा निष्कर्षात 'आम्हालाही तोच आयसी-५० (परिणाम निम्म्यावर आणणारी औषधाची मात्रा) मिळाला' असं असेल, तर ते सोनं. माझ्या सर्वाधिक सायटेशनच्या पेपरचं मी हे करून पाहिलं. जवळजवळ सगळे संदर्भ प्रस्तावनेतले निघाले. माझाच दुसरा एक छोटा पेपर आहे, औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवताना पेशींवर होणाऱ्या परिणामांचा. सायटेशन जेमतेम नऊ. पण एका विद्यार्थिनीचा मेल आला होता: तिच्या कंट्रोल वेलमधल्या, म्हणजे औषध न दिलेल्या खळग्यातल्या, पेशी का मरत होत्या ते तो वाचून कळलं, डीएमएसओ एक टक्क्याच्या वर जात होतं. तो मेल मी जपून ठेवलाय.

औषधाच्या संशोधनाचा खरा परिणाम ओपीडीत दिसतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, जोडीला तोंडाने घ्यायची कमी मात्रेची औषधं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ज्यांना पूर्ण डोस परवडूच शकत नाही त्यांच्यासाठी हे काय आहे, ते कुठल्याही इंडेक्समध्ये मावत नाही.

आणखी एक. २१० पेपरांना वर्षांनी भागा. वर्षाला पंधरा-वीस येत असतील, तर सर वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीची) मूळ फिल्म स्वतः बघतात का, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना बाहेर चहाला नेऊन विचारा. लॅबच्या वह्या कोण तपासतं, पीएचडी किती वर्षांत होते, हेही. मॅडमच्या विद्यार्थ्यांनाही हेच प्रश्न विचारा, कमी पेपर म्हणजे चांगलंच काम असं मी म्हणत नाहीये.

ते दहा पेपर निघाले की शीर्षकं इथेच टाका. या आठवड्यात वाचून सांगतो.