ॲक्शन कॅमेऱ्याच्या रॉ फोटोत मधोमध गुलाबी आणि कडांना हिरवी झाक येते. ती कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की जेपीजी स्वच्छ दिसतो, पण त्याच्याच जोडीची जीपीआर (गोप्रोची रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न सावरलेली मूळ) फाइल उघडली की मध्ये गुलाबी आणि कडांना हिरवट रंग येतो, आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) कितीही हलवला तरी एक जागा सुधारली की दुसरी बिघडते. मग हा दोष व्हाइट बॅलन्सचा नाहीच. व्हाइट बॅलन्सचे टेंपरेचर आणि टिंट हे स्लायडर प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा) अख्ख्या फोटोभर एकाच आकड्याने गुणतात. मध्यात एक झाक आणि कोपऱ्यात दुसरी असेल, तर एका आकड्यात दोन्ही कशा बसणार? ते स्लायडर सध्या आहेत तिथेच राहू द्या.

आधी खात्री करून घ्या. पावसाळी ट्रेकचा, निव्वळ धुकं भरलेला एखादा फोटो तुमच्याकडे असेलच, जो एरवी आपण डिलीट करतो. इथे तोच कामाचा. कर्सर मध्यावर नेऊन आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) आकडे बघा, मग कोपऱ्यात बघा. समजा मध्यात 150, 141, 149 आले आणि कोपऱ्यात 96, 108, 101. कोपरा अंधारा आहे हे सोडून द्या, ते व्हिनेटिंग. बघायचं ते प्रमाण: मध्यात लाल हिरव्याच्या वर आहे, कोपऱ्यात खाली. धुकं काही मधोमध गुलाबी नसतं, त्यामुळे हे कॅमेऱ्याचंच काम. याला कलर शेडिंग म्हणतात.

कारण साधं आहे. सेन्सर चिमुकला, लेन्स प्रचंड वाइड, त्यामुळे कडेचा प्रकाश सेन्सरवर तिरका पडतो. सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. थरांचा फिल्टर असेल तर तिरक्या किरणांसाठी त्याची अडवण्याची सीमा थोडी लाल रंगाकडे सरकते आणि इन्फ्रारेडबरोबर लालही कापला जातो. शिवाय तिरका प्रकाश एका पिक्सेलमधून शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो, ते वेगळंच. जेपीजी बनवताना कॅमेरा हे सगळं आतल्या आत सावरून घेतो. रॉमध्ये ती दुरुस्ती फार तर फाइलमध्ये नोंदवलेली असते, पिक्सेलना लावलेली नसते. ती नोंद सॉफ्टवेअरने वाचली तर ठीक, नाही वाचली तर तुम्हाला दिसतंय ते दिसतं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. जीपीआर ही मुळात डीएनजीचीच (अडोबीचा खुला रॉ फॉरमॅट) कॉम्प्रेस केलेली आवृत्ती आहे. अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून तिची डीएनजी करा आणि रॉथेरपी या मोफत रॉ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उघडा (5.9 किंवा पुढची). रॉ टॅबमध्ये फ्लॅट-फील्ड नावाचा पॅनेल आहे. फाइलमध्ये गेन मॅप (वर म्हटलेली दुरुस्तीची नोंद) असेल तर तिथे मेटाडेटातून दुरुस्ती घ्यायचा पर्याय चालू करता येतो. त्याने कोपरे सुधारले तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही सुधारले तर स्वतःचा फ्लॅट काढा. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळलेल्या कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाचा रॉ फोटो. त्यात जे काही असमान दिसेल ते लेन्स आणि सेन्सरचं. सॉफ्टवेअर तुमच्या फोटोला या फोटोने भागतं, आणि झाकेसकट व्हिनेटिंगही जातं.

तो काढायचा कसा, यातच खरी मेख आहे. ही लेन्स इतकी वाइड असते की पांढरी भिंत किंवा कागद समोर धरला तर कोपऱ्यात स्वतःची बोटं, नाहीतर खिडकीची चौकट येतेच. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून दुधी ॲक्रिलिकचा छोटा तुकडा आणा आणि तो थेट लेन्सच्या काचेवर टेकवा. ढगाळ दिवशी कॅमेरा आभाळाकडे करा, आयएसओची कमाल मर्यादा 100 ठेवा, आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) साधारण मध्यावर येऊ द्या. एकही चॅनल उजवीकडे आपटता कामा नये. तुकडा फिरवून आणखी दोन-चार फोटो घ्या. फिरवल्यावर झाकही फिरली, तर तो तुकडाच एकसारखा नाही.

इथे ॲक्शन कॅमेऱ्याचा एक फायदाही आहे. डीएसएलआरला प्रत्येक ॲपर्चरला आणि झूमला वेगळा फ्लॅट लागतो. तुमच्या कॅमेऱ्यात ॲपर्चर आणि फोकस दोन्ही ठरलेले असतील (बहुतेकांत असतात), तर एक चांगला फ्लॅट वर्षानुवर्षं पुरतो. वरून वेगळी लेन्स लावलीत तर मात्र नवा काढा. तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बखालचे फोटो बरेच असतील तर त्या प्रकाशातलाही एक काढून ठेवा. त्यात इन्फ्रारेडचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे शेडिंग थोडं वेगळं पडू शकतं.

रॉथेरपीत त्याच पॅनेलमध्ये ही फाइल निवडा आणि ब्लरचा प्रकार 'एरिया' ठेवा, म्हणजे फ्लॅटमधला नॉइज (दाणेदारपणा) आणि ॲक्रिलिकवरची धूळ तुमच्या फोटोत उतरत नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये हीच सोय लायब्ररी मेनूत आहे. गेन मॅप आणि स्वतःचा फ्लॅट दोन्ही एकावर एक लावू नका. मग कडा गुलाबी होतील आणि तुम्ही पुन्हा हाच प्रश्न उलटा विचाराल.

हे झालं की मग व्हाइट बॅलन्स. आता तो सगळ्या फोटोला सारखाच लागू पडेल. कोपऱ्यात थोडा नॉइज वाढलेला दिसेल, कारण तिथला अंधार आपण ओढून वर आणलाय. मला तो चालतो. तुम्हाला खुपत असेल तर नंतर कोपरे पुन्हा थोडे गडद करा.

तारकर्लीच्या पाण्यातल्या फोटोंचं तुम्ही ओझरतं विचारलंय. तिथेही आधी फ्लॅट लावा, पण निळी-हिरवी झाक त्याने जाणार नाही, ती पाण्याची आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं. वरच्या दोन-तीन मीटरमध्ये व्हाइट बॅलन्सने बरंच परत येतं. त्याहून जसजसे खोल जाल तसतसं रॉच्या लाल चॅनलमध्ये कमी कमी उरतं, आणि ओढायला गेलं की नुसते दाणे हाती लागतात. त्यासाठी लाल फिल्टर किंवा टॉर्च पाण्यात उतरतानाच सोबत हवा.