खड्ड्याला वास का येतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीत 40 घरं आहेत. ओला कचरा निगमाच्या गाडीत न देता आम्ही मागच्या बाजूला चार फूट खोल खड्ड्यात टाकतो. पाऊस सुरू झाल्यापासून सडक्या अंड्यांसारखा वास येतो, अळ्याही झाल्यात. एवढ्याशा खड्ड्यानं पृथ्वीच्या तापमानात काही फरक पडतो का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पडतो, पण सध्या उलटा पडतोय. हवेशिवाय कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. 100 वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट उष्णता वाढवतो. मिथेनला वास नसतो. तुम्हाला येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. मात्र दोन्हींचं मूळ एकच, आत हवा नाही. निगमाची गाडी ओला कचरा नेते त्या देवगुराडियाच्या प्रकल्पात 2022 पासून हाच वायू कोंडून बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांचं इंधन, केला जातो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत कचरा गाडीतच द्या. त्यात कमीपणा अजिबात नाही.

माळव्याची काळी माती पाणी सोडत नाही, त्यामुळे चार फुटांचा खड्डा पावसाळ्यात हौद होतो. शेतीसंशोधक अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथेच बसवलेली, जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेलेली खताची रीत आठवा: खड्डा दोनच फूट, आणि पावसाळ्यात थेट जमिनीवर ढीग.

तुम्हीही जमिनीवरच, विटांमध्ये फटी ठेवून, तीन-तीन फूट लांबी-रुंदी-उंचीचे कप्पे बांधा, वर पत्रा टाका. 40 घरांचा रोज साधारण 20 किलो कचरा धरला तर चार-पाच कप्पे लागतील. तळाला अर्धा फूट काटक्या. मग एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या वाळका पाला, आणि थोडं जुनं खत. सगळे चुकतात ते पाल्यात: पानगळीत तो जाळला जातो आणि पावसाळ्यात मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच पोती भरून ठेवा. उरलेली आमटी निथळून टाका.

मूठभर माल घट्ट दाबा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवा. आठवड्यातून एकदा फावड्यानं वरखाली करा. ढीग 55–60 अंशांपर्यंत तापला की आतल्या अळ्या मरतात. कडेचा माल मध्ये ओढायचा तो त्यासाठीच. तापतच नसेल तर ढीग लहान किंवा कोरडा आहे. नाक झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय. कप्पा भरल्यावर साधारण तीन महिन्यांनी माल काळा, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. तो चाळा, आणि चाळणीवर उरलेलं नव्या कप्प्याच्या तळाला घाला.