पाणी शिरलेलं घर सोडलं, तरी भाडं भरायचं का?

प्रश्न : माझी मावशी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला भाड्याच्या बैठ्या घरात एकटी राहते. वय ७१, ग्रीन कार्ड आहे. २०२४च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळात तिच्या घरात गुडघाभर खारं पाणी शिरलं. मी अटलांटाहून गेलो, ओला गालिचा कापून रस्त्याकडेला टाकला, आजूबाजूच्या घरांचे फोटो काढले. शेजारच्या आवारात वाहून गेलेली मावशीची पेटी आणायला आत शिरलो, तेव्हा पोलिसांनी हटकलं. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये मिल्टन आलं. मावशी तेव्हापासून मैत्रिणीकडे आहे, आता मी तिचं सामान हलवतोय. घरमालकाशी फोनवर बोललो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही पाठवले. तो म्हणतो, लीज मार्चपर्यंत आहे, तोवरचं भाडं द्या, डिपॉझिट मिळणार नाही, गालिच्याचेही पैसे भरा. 'स्वखुशीने घर सोडत आहे' अशा कागदावर सही मागतोय. मी एच-१बी व्हिसावर आहे. काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी, त्या कागदावर मावशींना सही करू देऊ नका. बाकीचं सावकाश निस्तरता येईल, पण ती सही झाली तर त्यांची चांगली बाजू लंगडी पडेल. 'स्वखुशीने' या एका शब्दावर घरमालक उद्या म्हणेल की यांनी मुदतीआधी करार मोडला.

त्यांनी करार मोडलेला नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात कलम ८३.६३ नेमकं अशा प्रसंगासाठी आहे. भाडेकरूच्या चुकीमुळे किंवा हयगयीमुळे नव्हे, तर अन्य कारणाने घराचं इतकं नुकसान झालं की तिथे नीट राहणं शक्य नाही, तर भाडेकरू करार संपवून लगेच बाहेर पडू शकतो. घराचा काही भाग राहण्याजोगा उरला तर तेवढाच वापरून भाडं त्या प्रमाणात कमी करून घेण्याचीही सोय आहे. पण तुमच्या वर्णनावरून इथे तो प्रश्न नाही. गुडघाभर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या, प्लगपॉइंटपर्यंत भिजलेल्या बैठ्या घरात ७१ वर्षांच्या बाईने पंखे लावून राहावं, असं कोणताही न्यायाधीश म्हणेल असं मला वाटत नाही.

अडचण एकच आहे. हा हक्क आपोआप लागू होत नाही, तो बजावावा लागतो. तुम्ही घरमालकाशी फोनवर बोललात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत, पण 'करार संपवत आहोत' असं लेखी कुठेच म्हटलेलं दिसत नाही. न कळवता सामान उचललं की तेच घर 'टाकून गेल्या' असं रंगवता येतं. म्हणून आजच एक पानाचं पत्र करा. त्यात एवढंच लिहा : अमुक तारखेला वादळाचं पाणी घरात शिरलं, इतक्या उंचीपर्यंत आलं, या खोल्या निकामी झाल्या, घर राहण्याजोगं उरलेलं नाही, म्हणून कलम ८३.६३ नुसार मी करार संपवत आहे, किल्ल्या अमुक दिवशी देईन, डिपॉझिट आणि पत्रव्यवहार या पत्त्यावर पाठवा. सही मावशींची हवी, तुमची नको. पत्र सर्टिफाइड मेलने, म्हणजे पोचल्याची नोंद राहणाऱ्या टपालाने पाठवा आणि त्याचा फोटो घरमालकाला मेसेजही करा.

पत्ता द्यायला विसरू नका. लीज संपण्याआधी निघणाऱ्या भाडेकरूने निदान सात दिवस आधी लेखी कळवावं आणि आपला पत्ता द्यावा, असं डिपॉझिटच्या कलमात, म्हणजे ८३.४९ मध्ये आहे. न कळवल्याने डिपॉझिटवरचा हक्क जात नाही, पण घरमालकावरचं नोटिशीचं बंधन सुटतं. आणि ते बंधनच तुमच्या कामाचं आहे. डिपॉझिटवर दावा नसेल तर त्याने १५ दिवसांत ते परत करायचं. काही कापायचं असेल तर ३० दिवसांत, कारण देऊन, सर्टिफाइड मेलने कळवायचं. ही मुदत चुकवली तर डिपॉझिट अडवून ठेवायचा त्याचा हक्क जातो. नोटीस आलीच तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत मावशींनी लेखी हरकत घ्यायची. तेव्हा किल्ल्या पत्रानंतर सात दिवसांनी दिल्या तर उत्तम.

हेलीनपासून आजपर्यंतच्या भाड्यावर मात्र वाद होऊ शकतो. सामान घरातच होतं, करार संपवल्याचं पत्र नव्हतं. तरी राहण्याजोगा भाग किती उरला होता, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. तेवढ्यावर थोडी तडजोड करावी लागली तर करा. मार्चपर्यंतच्या भाड्यावर नको.

आता गालिचा. तो घरमालकाचा होता, हे खरं. विचारून काढला असता तर बरं झालं असतं. पण भिजलेल्या वस्तूंवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते आणि समुद्राच्या पाण्याने भिजलेला गालिचा कोणी वाळवून वापरत नाही. त्याचं नुकसान पाण्याने केलं, तुमच्या सुरीने नव्हे. तुकडा उरला असेल तर पिशवीत ठेवा. फोटोंच्या मूळ फाइल जपा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतींमधून तारीख-वेळेची माहिती निघून जाते. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ राहिली असेल तर तिच्याशेजारी मोजपट्टी उभी धरून फोटो घ्या आणि कपाटांच्या आतली रेघही टिपा, कारण भिंत पुसली, रंगवली तरी कपाटाच्या आतलं कोणी पुसत नाही. शेजारच्या घरांवरही तीच उंची दिसत असेल तर फारच चांगलं. रस्त्यावरून दिसणाऱ्या घराचे फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

आवारात शिरणं मात्र पूर्ण थांबवा. पेटी मावशींची होती, हेतू साफ होता, मला शंका नाही. पण आणीबाणी जाहीर असताना वादळग्रस्त भागात घरफोडी किंवा चोरी केली तर फ्लोरिडात गुन्ह्याची श्रेणी वाढू शकते, त्यामुळे पोलीस अशा वस्तीत अनोळखी माणसाकडे त्याच नजरेने पाहतात. तुम्ही एच-१बीवर आहात. साधी अटक झाली आणि पुढे खटला मागे घेतला गेला, तरी व्हिसाच्या वेळी तिचा खुलासा करत बसावं लागेल. शेजाऱ्याला मेसेज करा, 'या, घेऊन जा' असं उत्तर आलं की मगच जा.

पैशांची बाजू. मावशींचा रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा असेल तर साधारणतः त्यात पुराचं पाणी येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी असते. तरीही दावा करा. नकाराचं पत्र आलं तर तेही उपयोगी पडतं, कारण विम्यातून काय मिळालं नाही हे फेमाला, म्हणजे आपत्तीत मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, दाखवावं लागतं. फेमाची मदत भाडेकरूंनाही मिळते, सामानासाठीही आणि तात्पुरत्या निवाऱ्यासाठीही. ग्रीन कार्डधारक त्याला पात्र असतात, एच-१बीवाले रोख मदतीला नसतात. म्हणून अर्ज मावशींच्याच नावाने करा. फॉर्म तुम्ही भरून दिलात तर हरकत नाही, पण त्यातली माहिती काटेकोर खरी हवी. हेलीन आणि मिल्टन या दोन वेगळ्या आपत्ती आहेत, दोन्हींत नुकसान झालं असेल तर अर्जही दोन. पाण्याने काय गेलं आणि नंतर वारा-पावसाने काय गेलं, याची यादी वेगवेगळी करा, त्यांची सरमिसळ झाली की तपासणारा दोन्हींवर शंका घेतो. पहिला नकार आला तर खचू नका. बरेचदा एखादा कागद कमी असतो आणि ६० दिवसांत अपील करता येतं.

घरमालक ऐकलाच नाही तर ८,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवाय लावता येतो. डिपॉझिटच्या वादात जिंकणाऱ्याला वकिलाचा खर्चही मिळतो, हे घरमालकाला पत्रातच सौम्य शब्दांत सांगून ठेवा. सेंट पीटर्सबर्ग ज्यात येतं त्या टँपा बे परिसरात बे एरिया लीगल सर्व्हिसेस ही संस्था मोफत मदत करते, मावशींच्या वयाचा आणि उत्पन्नाचा विचार होतो. घरमालकाचा पुढचा फोन येण्याआधी तिथे नाव नोंदवा आणि पत्राचा मसुदा त्यांना दाखवूनच टपालात टाका.