वडिलांच्या बायोप्सीत 'पेशींची पोलॅरिटी गेली' असं लिहिलंय. प्रोटीनमुळे कोलन कॅन्सरच्या पेशी अशा होतात म्हणे. मग वरण, अंडी बंद करायची का?

नका करू बंद. आज रात्री वडिलांना वाटीभर घट्ट वरण वाढा, मग पुढचं वाचा.

हाच घोळ दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरात झाला होता, आणि तो माझ्याच तोंडून सुरू झाला होता. म्हणून लिहितोय.

बाबांच्या शौचातून वर्षभर रक्त जात होतं. मुळव्याध समजून गावातल्या गावात पुड्या चालल्या. शेवटी नागपूरला दुर्बीण घातली तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ निघाली. रिपोर्टात तुमच्यासारखंच वाक्य होतं. मी नुकताच बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालेलो. ओसरीत सगळे बसले होते. दादा म्हणाला, "सांग बाप्पा, काय लिवलं हाये?" मी ऐटीत सांगितलं, की पेशीतली प्रोटीनं बिघडली की पेशी आपली दिशा विसरते, त्यातूनच हे होतं. वाक्य बरोबर होतं. दादानं त्यातला एक शब्द धरला.

दुसऱ्या दिवसापासून वरण बंद, अंडी बंद, दूधही बंद. भाकर, पातळ भाजी आणि साबुदाण्याची पेज. घरात तुरीच्या पोत्यांची थप्पी लागलेली, आणि बाबा मायला विचारायचे, "येवढी तूर घरात, मले काहून वरण नाही?" माय माझ्याकडे बघायची, मी दादाकडे. मी दोनदा बोललो. तो म्हणाला, "तूच तं सांगतलं होतं. डाळीनं गाठ पोसते." मोठ्या भावासमोर पुढे रेटलं नाही.

ऑपरेशननंतर केमो सुरू झाली. तिसऱ्या खेपेला रक्तात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, 2.6 आलं, ते 3.5 च्या वर हवं असतं. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. घरी आल्यावर मी बाबांना कापूस मोजायच्या काट्यावर उभं केलं. पत्र्यावर कापसाचे पुंजके चिकटले होते, ते त्यांनी आधी पायानं बाजूला सारले, मग चढले. 61 किलोचा माणूस 48 वर आला होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. गोठ्यात बैल बांधलेले असतात तेव्हा सगळ्यांची तोंडं गव्हाणीकडे आणि शेपट्या मागे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचंही तसंच असतं. एक बाजू पोकळीकडे, जिथून पाणी शोषलं जातं आणि चिकट स्राव सोडला जातो. दुसरी बाजू खाली, जिथे केंद्रक ओळीत बसलेलं असतं. ही शिस्त म्हणजे पोलॅरिटी. मायक्रोस्कोपखाली केंद्रकं ओळ मोडून वर-खाली, वेडीवाकडी दिसली की पॅथॉलॉजिस्ट लिहितो, पोलॅरिटी गेली.

बैलांना जागेवर धरतात ती दावी, पेशीला धरतात ती तिच्यातली प्रोटीनं. पार आणि क्रम्ब्स या टोळ्या वरच्या बाजूला, स्क्रिबल, डीएलजी, एलजीएल खालच्या अंगाला. दोघी एकमेकींना आपल्या हद्दीतून हुसकावतात, म्हणून सीमा टिकते. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन, आणि त्याच्याशी जोडलेलं बीटा-कॅटेनिन. एपीसी नावाचं प्रोटीन जास्तीचं बीटा-कॅटेनिन नष्ट करायला लावतं आणि पेशीच्या आतला सांगाडाही सांभाळतं. कोलन कॅन्सरच्या सुमारे 80 टक्के रुग्णांत एपीसीचा जीनच मोडलेला असतो. मग बीटा-कॅटेनिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि वाढीचा हुकूम सोडतं. एलकेबी1 तर मला सगळ्यात भारी वाटतं. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं 2004 मध्ये दाखवलं, की आतड्याच्या कॅन्सरच्या एकट्या पेशीत, शेजारी कुणी नसताना, हे एक प्रोटीन चालू केलं तरी तिला वरची बाजू आणि खालची बाजू पुन्हा येते. गोठा नाही, गव्हाण नाही, तरी बैल बरोबर तोंड करून उभा! आणि दर वेळी दिशा जातेच असंही नाही. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना काही रुग्णांच्या पोटात अशा पेशींचे गोळे सापडले, ज्यांची आतली बाजू बाहेर आली होती आणि ते तसेच पसरत होते.

यातलं एकही प्रोटीन डाळीतून येत नाही. ताटातल्या प्रोटीनचे पोटात तुकडे होतात, त्या सुट्या अमिनो आम्लांतून पेशी आपल्या जीनमध्ये लिहिल्याप्रमाणे स्वतःची प्रोटीनं घडवते. चूक त्या लिहिण्यात असते, तुरीत नसते. खाणं तोडलं म्हणून गाठ उपाशी राहत नाही. ती माणसाच्या दंडा-मांड्यांतून ओढून घेते. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ग्रॅमच्या वर, जमलं तर 1.5 ग्रॅमपर्यंत प्रोटीन हवं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं. हिशोब तुम्हीच करा.

दोन गोष्टी राहिल्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा ऑपरेशन ताजं असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खारवलेल्या, डबाबंद मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2015 मध्ये कॅन्सरकारक ठरवलंय, ते टाळा. पण तो दोष वरणाच्या माथी मारू नका. आणि अल्ब्युमिन रोगामुळेही उतरतं. वरण बंद केल्यामुळे बाबा गेले असं मी म्हणत नाही, रोग लिव्हरपर्यंत पोचला होता. पण ते चार महिने भुकेले राहिले, आणि त्याची काहीच गरज नव्हती.

दादा अजून म्हणतो, "तूच तं सांगतलं होतं." दादा, मी पेशीतल्या प्रोटीनबद्दल बोललो होतो. "जेवणातलं वेगळं" एवढे दोन शब्द मी त्याच दिवशी ओसरीत बोलायला हवे होते. आणि नंतर दोनदा बोललो, तेव्हा तू ऐकायला हवं होतंस.