नोंदवहीत नाव नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता, असं नाही

तुम्ही विचारलंय की आयर्लंडमधल्या 1827 च्या दशमांश नोंदवहीत, म्हणजे चर्चला द्यायच्या कराच्या वहीत, तुमच्या यजमानांच्या खापरपणजोबांचं नाव नाही, तर मग घराणं तिथल्या कॉर्क काउंटीतलं नव्हतंच का? अगदी हाच प्रश्न मला सासूबाईंच्या घराण्याचा शोध घेताना पडला होता. एका कार्यालयात मला ठासून सांगितलं, "वहीत नाही म्हणजे तिथे नव्हते." मी विश्वास ठेवला आणि दोन वर्षं शेजारच्या लिमरिक काउंटीत शोधत बसले. सासूबाईंची आत्या मात्र शेवटपर्यंत कॉर्कच म्हणत होती. तिचं ऐकायला हवं होतं, याचा सल अजून आहे.

ती शिरगणती नाहीच. चर्च ऑफ आयर्लंडचा, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट सरकारी चर्चचा, कर कुणाच्या जमिनीवर किती बसतो, एवढंच त्यात आहे. शेतमजूर एखादा तुकडा एका हंगामापुरता बटाट्यासाठी घ्यायचा, त्याला कोनएकर म्हणत. वहीत नाव सहसा जमीन धरणाऱ्याचं, मजुराचं नाही. आणि त्या मजुराच्या घरात तर वर्षाचे बहुतेक दिवस बटाटेच असत, सोबत मिळालं तर ताक. उन्हाळ्यात जुने बटाटे संपले आणि नवे यायचे असले की ओटचं पीठ उधारीवर आणायचं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. 1735 मध्ये आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहाने ठराव केला आणि कुरणावरचा दशमांश जवळजवळ थांबला. म्हणजे मोठी गुरं राखणारा सुटला. मन्स्टरमध्ये, म्हणजे कॉर्क ज्यात येतं त्या दक्षिणेकडच्या प्रांतात, मात्र गरीब कॅथलिकाच्या बटाट्यावरही दशमांश घेत, तोही ज्या चर्चमध्ये तो कधी जात नव्हता त्याच्यासाठी. 1823 च्या कायद्यानंतर कुरणंही हिशेबात आली. मग मोठे शेतकरीही चिडले आणि 1831 मध्ये ग्रेगनमना इथून संघर्ष पेटला. हा मुद्दा मी जरा तावातावाने मांडतेय, कबूल आहे.

तुम्ही कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदी बघा. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या फुकट ऑनलाइन ठेवल्यात. आमचं घराणं तिथेच सापडलं, कॉर्कमध्येच, टाउनलँडच्या, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान जमीन-विभागाच्या, नावासकट. सगळ्याच पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या इतक्या जुन्या नाहीत, त्यामुळे तुमचं सापडेलच असं मी म्हणणार नाही.

दशमांश वही पुन्हा उघडलीत तर सूचीवर विसंबू नका, मूळ पानाचं चित्र बघा. आडनावं चुकीची उतरवलेली असतात, आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' गळलेला असतो. शिवाय तिथला एकर बहुधा आयरिश, म्हणजे आपल्या एकराच्या साधारण 1.62 पट. मी इतिहासाची अभ्यासक नाही. पण यजमानांकडची कुणी म्हातारी माणसं हयात असतील, तर या रविवारीच त्यांना फोन करा.